आरमाराची पावसाळी छावणी : कल्याण खाडी ते विजयदुर्ग

मराठा आरमाराविषयीचे लेखन बहुधा लढायांभोवती फिरते. वर्षातील जवळपास चार महिने हे आरमार समुद्रावर नसे, याकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात शिडाची गलबते व गुराबे उघड्या समुद्रात टिकत नसत. ती कोठे ठेवावीत हा प्रश्न दरवर्षी ज्येष्ठापूर्वी सोडवावा लागे.

ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी आणि पाठोपाठ जानेवारी १६५८ मध्ये शहापूरचा माहुली किल्ला स्वराज्यात आला. मुरबाडची काळू व शहापूरची भातसा ही जोडी कल्याणजवळ उल्हासला मिळते. तेथून पुढे खाडी सुरू होते. वाऱ्यापासून इतकी आतली, सुरक्षित जागा उत्तर कोकणात क्वचितच असेल. जहाजबांधणी येथे सुरू झाली ती उगाच नव्हे. परंतु खाडीची ठाणे व वसईकडील दोन्ही तोंडे पोर्तुगीजांच्या नजरेखाली होती. म्हणजे तुफानापासून आसरा होता, बाहेर पडण्याची मोकळीक नव्हती. पुढे आरमाराचे केंद्र दक्षिणेकडे सरकले, त्यामागे हे एक महत्त्वाचे कारण असावे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

जंजिऱ्याच्या सिद्दीने हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. तो मोगलांचा आरमारप्रमुख. त्यामुळे सुरतेच्या व्यापाराला जपणाऱ्या मुंबईकर इंग्रजांना त्याला नाही म्हणता येईना. १६७० च्या दशकात त्याची जहाजे पावसाळ्यात माझगावला राहू लागली. त्याच्या लोकांचा रहिवाशांना उपद्रव होई आणि शिवाजी महाराजांचा रोषही इंग्रजांवर ओढवे. १६७८ च्या पावसाळ्यात हे नांगरलेले आरमार जाळण्यासाठी दौलतखान व दर्यासारंग यांना पनवेलकडे पाठवण्यात आले. भर पावसात होड्या मिळेनात. मग सैन्य कल्याणकडे वळले, पण ठाण्यावरून जाण्यास पोर्तुगीजांनी वाट दिली नाही. कल्याण ताब्यात असूनही खाडीपलीकडे पाऊल टाकता येऊ नये, ही अडचण वीस वर्षांनंतरही तशीच होती! पुढील वर्षीच, १६७९ मध्ये, मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बेट बांधून काढण्यास आरंभ झाला. या दोन घटना सहसा स्वतंत्रपणे सांगितल्या जातात. त्या एकत्र वाचल्या पाहिजेत.

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सुमारे १७१५) या अनुभवाचा अर्क आढळतो. समुद्र खवळण्याआधीच आरमार छावणीस आणावे, उघड्यावर ठेवू नये, किल्ल्याचा आश्रय पाहावा, सारी जहाजे एके ठिकाणी न ठेवता विभागावीत आणि रात्री जमिनीवर व पाण्यात गस्त असावी, असा त्याचा आशय आहे. बंदरे दरवर्षी बदलावीत, कारण खलाशी कितीही मर्यादेने वागले तरी रयतेला जाच होतोच, हे त्यातील कारण विशेष लक्षणीय आहे. माझगावच्या रहिवाशांना ते पटले असते.

विजयदुर्गात वाघोटण खाडी, भक्कम किल्ला आणि जवळच गिर्ये येथील गोदी, असे सारे जुळून आले होते. तुळाजी आंग्र्यांचे आरमार येथे एकवटलेले असताना फेब्रुवारी १७५६ मध्ये इंग्रज ॲडमिरल वॉटसनने हल्ला चढवला. तोफगोळ्याने एक जहाज पेटले आणि शेजारी शेजारी बांधलेल्या जहाजांतून आग पसरत बहुतेक सारे आरमार भस्मसात झाले. तेव्हा पावसाळा नव्हता, समुद्र शांत होता.