बक्षिसें आणि हजेरीपट
आमच्या प्राथमिक शाळेच्या कामगिरीविषयीं कांहीं ऐतिहासिक विचार



धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेंत शाळेविषयीं चार शब्द लिहावे, विशेषतः अलीकडच्या वर्षांत आमच्या मुलांनीं काय केलें व काय मिळविलें ह्याची हकीकत द्यावी, अशी समितीची सूचना आली. ती आम्ही आनंदानें मान्य केली. बार्शीसारख्या व्यापारी गांवीं कॅथलिक घरें थोडीं, आणि शाळेच्या बांकांवर इतर धर्मांचीं मुलेंच अधिक. तेव्हां गांवच्या लोकांस आमच्या धर्मग्रामाची ओळख होते ती बहुतेक शाळेवरूनच.

सांगण्यासारखें पुष्कळ आहे. शिष्यवृत्तीच्या परीक्षेस मुलें बसलीं व त्यांतील कित्येकांनीं नांव काढलें. प्रजासत्ताकदिनीं लेझमीचा मेळ झाला. स्नेहसंमेलनांत लहानग्यांनीं नाताळचा देखावा उभा केला. त्यांत मेंढपाळ झालेल्या मुलांच्या खांद्यावर खरीखुरी घोंगडी होती व डोक्यास खरा पटका होता. खो-खोंत आमच्या मुली चपळ ठरल्या. पवित्र बाल्यसंघाच्या मुलांनीं खाऊचे पैसे साठवून दूरच्या गरीब मुलांसाठीं दिले. हा संघ फ्रान्समधील बिशप फोर्बें-जान्सों ह्यांनीं १८४३ सालीं स्थापिला. मुलांनींच मुलांस साहाय्य करावें हें त्याचें तत्त्व. ज्यांस यश मिळालें त्यांचीं नांवें ह्या अंकांत अन्यत्र छापलीं आहेत, म्हणून तीं येथें पुन्हां देत नाहीं.

परंतु ती यादी तयार होत असतां आमच्या मनांत एक प्रश्न उभा राहिला. शाळेची कामगिरी मोजावी कशानें? बक्षिसांच्या यादीनें कीं हजेरीपटानें? प्रश्न जुना आहे, व त्यास मोठा इतिहास आहे.

येशूसंघानें आपल्या विद्यालयांसाठीं १५९९ सालीं ‘रेशियो स्टुडिओरम’ नांवाची शिक्षणपद्धति जाहीर केली. तींत बक्षिसांविषयीं स्वतंत्र नियम आहेत. बक्षीस न्यायानें दिलें जावें व समारंभ चारचौघांत व्हावा, ह्याविषयीं त्यांत मोठी दक्षता दिसते. पण हीं विद्यालयें लॅटिन शिकणाऱ्या थोराड विद्यार्थ्यांचीं होतीं. पाटीवर पहिलें अक्षर गिरविणाऱ्या लेकरांचीं नव्हतीं.

लेकरांच्या शाळांचा विचार पुढें संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल ह्यांनीं केला. सुमारें १६८० पासून त्यांनीं फ्रान्समध्यें रीम्स शहरीं शिक्षकांचा एक बंधुसंघ उभारला, गरिबांच्या मुलांस फुकट शिकविलें, आणि वाचन लॅटिनमध्यें आरंभ न करितां घरच्या फ्रेंच भाषेंत आरंभिलें. लोकांस लोकांच्याच भाषेंत शिकवावें हें सूत्र आम्हां मराठी ख्रिस्ती लोकांस परकें नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालींच छापून निघालें होतें. ला साल १७१९ सालीं प्रभूकडे गेले, व दुसऱ्या वर्षीं त्यांची शाळा चालविण्याची नियमावली छापली गेली. तींतील एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. मुलें गैरहजर कां राहतात ह्याचा त्यांत कारणांसह विचार आहे, आणि गैरहजर सोबत्यांच्या घरीं जाऊन त्यांचा समाचार घेण्याचें काम विद्यार्थ्यांपैकींच कांहीं जणांवर सोंपविलें आहे. बक्षीस पुढें आलेल्यास शोधतें. हा नियम मागें राहिलेल्यास शोधीत जातो. १९५० सालीं पोप बारावे पायस ह्यांनीं ह्या संतास सर्व शिक्षकांचा आश्रयदाता म्हणून घोषित केलें, तें योग्यच झालें.

ह्याच्या अगदीं उलट रीत पुढें सरकारी खात्यांत शिरली. इंग्लंडांत १८६२ सालीं असा नियम झाला कीं, तपासनिसानें मुलांची वाचन, लेखन व गणित ह्यांत परीक्षा घ्यावी, आणि किती मुलें उतरलीं हें पाहून शाळेस अनुदान द्यावें. निकालावर पैसा देण्याची ही पद्धति आपल्या इलाख्यांतहि चालू होती, आणि १८८२ च्या हंटर आयोगानें प्राथमिक शाळांपुरती ती ग्राह्य धरली. त्याच आयोगापुढें महात्मा जोतीराव फुले ह्यांनीं त्या वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत आपलें निवेदन सादर केलें. शेतकऱ्यांच्या घामाचा पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो व प्राथमिक शिक्षण उपाशी राहतें, हें त्यांनीं निर्भीडपणें सांगितलें. शिष्यवृत्त्यांविषयींहि त्यांचें म्हणणें लक्षांत ठेवण्याजोगें आहे. केवळ चढाओढीनें शिष्यवृत्त्या देणें दिसावयास न्यायाचें असलें तरी त्यायोगें मागासलेल्या वर्गांत विद्या पसरत नाहीं. ज्या लोकांत शिक्षण पोंचलेलें नाहीं त्यांच्या मुलांस त्यांतील कांहीं राखून द्याव्या, असा त्यांचा आशय होता. निकालावर अनुदान देण्याची रीत मागाहून लॉर्ड कर्झन ह्यांच्या अमदानींत, १९०४ च्या शिक्षणविषयक ठरावानें, त्याज्य ठरली. कागदावर ती गेली; पण शिक्षकांच्या व व्यवस्थापकांच्या मनांतून गेली असें म्हणवत नाहीं.

हें आम्ही दुसऱ्यांस दोष देण्यासाठीं लिहीत नाहीं; अनुभवानें लिहितों. गुरुदीक्षा होऊन थोडींच वर्षें झालीं असतां एका खेड्यांतील शाळेचा कारभार आमच्याकडे होता. त्या काळीं शिष्यवृत्तीची पहिली परीक्षा चौथीच्या वर्गास असे. निकाल शंभर टक्के लागावा ह्या हौसेनें आम्ही फक्त खात्रीच्या मुलांचे अर्ज भरले. एक मुलगा ऊसतोडीच्या हंगामांत आईबापांबरोबर जाई व वर्गांत चार महिने मागें पडे. तो गणितांत कच्चा होता, पण त्याला परीक्षेस बसावयाचें होतें. तो आमच्याकडे येऊन म्हणाला, “फादर, माझाहि अर्ज भरा.” आम्ही म्हणालों, “पुढल्या वर्षीं बघूं.” चौथीची परीक्षा पांचवींत देतां येत नाहीं हें आम्हांस ठाऊक होतें, त्याला नव्हतें. निकाल शंभर टक्के लागला, हार झाले, फोटो निघाला. पुढल्या दिवाळीनंतर मुकादमाच्या टोळीबरोबर तो मुलगा गेला, तो शाळेंत परत आला नाहीं. तो फोटो आमच्याजवळ अजून आहे. त्यांत जो नाहीं तोच आम्हांस त्यांत दिसतो.

आतां आमच्या गांवाकडे वळूं. आपला पुणें धर्मप्रांत १८८६ सालीं स्थापन झाला. १९१४ च्या महायुद्धांत जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंस हद्दपार व्हावें लागलें. बिशप हेन्रिक डोरिंग ह्यांनाहि आपल्या धर्मप्रांतापासून दूर राहावें लागलें व ते १९२७ सालीं पुनः पुण्याच्या पीठावर आले. अशा काळांत खेड्यापाड्यांतील मास्तरांचें मोल काय असतें हें सांगावयास नको. इकडे बार्शी गांव १८९७ पासून बार्शी लाईट रेल्वेच्या अरुंद रुळांनीं कुर्डुवाडीस व त्यायोगें मोठ्या जगाशीं जोडलेलें होतें. बाजारपेठ वाढली, पण भोंवतालच्या खेड्यांतील पोरें पेठेंत माल घेऊन येत, शाळेंत येत नसत. कर्मवीर मामासाहेब जगदाळे ह्यांनीं १९३४ सालीं श्री शिवाजी शिक्षण प्रसारक मंडळाचा पाया घातला तो अशाच बहुजनांच्या मुलांसाठीं. ते आमच्या धर्माचे नव्हते. पण हरवलेल्या मेंढराच्या मागें जाणें म्हणजे काय हें त्यांच्या कार्यावरून आम्हीं शिकावें.

ही अडचण आजहि संपलेली नाहीं. मुलास सहा ते चौदा वर्षांपर्यंत मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आहे. तरी दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेलीं कुटुंबें कारखान्यांकडे निघतात, तेव्हां लहान भावंडांस सांभाळण्यासाठीं आठ-नऊ वर्षांची मुलगीहि बैलगाडींत बसते. मार्च २०२० मध्यें साथीमुळें शाळा बंद झाल्या, तेव्हां दुसरीच अडचण उभी राहिली. घरांत फोन एक, आणि तो बाप कामावर घेऊन जाणार.

म्हणून आमच्या मुलांच्या उपक्रमांपैकीं ज्याला ढाल नाहीं, पेला नाहीं, त्याचा उल्लेख आम्ही मुद्दाम शेवटीं करितों. प्रत्येक वर्गांत दोन ‘समाचारी’ नेमलेले असतात. सोबती दोन दिवस आला नाहीं म्हणजे बाईंस सांगून हे त्याच गल्लींतले समाचारी त्याच्या घरीं जातात व सकाळीं येऊन कारण सांगतात. ताप आहे, बाळाला धरावयास कोणी नाहीं, गणवेश ओला आहे, आई-बाबा परवां टोळीबरोबर निघणार आहेत. हें शेवटचें कारण कळलें कीं बाई व आम्ही त्याच सायंकाळीं त्या घरीं जातों. आजीजवळ किंवा मावशीकडे मूल राहूं शकेल काय, हें विचारतों. कधीं होकार मिळतो, कधीं गाडी आधींच निघून गेलेली असते. गेल्या हंगामांत तिसरींतील एक मुलगी अशी आजीपाशीं राहिली. तिनें कोणतेंहि बक्षीस मिळविलें नाहीं. ती रोज आली, इतकेंच. आमच्या मतें ह्या वर्षींची ती थोर कामगिरी होय.

बक्षिसें नकोत असें आमचें म्हणणें नाहीं. ज्यांनीं कष्ट केले त्यांचें कौतुक झालेंच पाहिजे, व त्यांच्या आईबापांच्या आनंदांत आम्ही सहभागी आहों. परंतु ह्या ज्युबिलीच्या वर्षीं आपण सर्वांनीं एक निश्चय करावा. शिष्यवृत्तीच्या परीक्षेस ज्या मुलाची इच्छा आहे त्याचा अर्ज भरला जावा, मग निकालाचा आंकडा खालीं आला तरी चालेल. ज्यांच्या घरीं एखादी खोली, एक जास्तीची भाकरी आहे, त्यांनीं हंगामापुरतें एका मुलास आसरा द्यावा. तें मूल कोणत्या धर्माचें हें विचारूं नये. आणि पुढील ज्युबिलीची स्मरणिका जे लिहितील त्यांनीं बक्षिसांच्या यादीच्या आधीं एवढें लिहावें कीं, पहिलींत आलेल्या मुलांपैकीं किती जण चौथी पुरी करून पुढच्या शाळेंत गेलीं.

ज्या प्रभूनें बालकांस आपल्याजवळ येऊं दिलें, तो आमच्या शाळेचें दार उघडें राखो, व त्या दारांतून आंत न आलेल्यांची आठवण आम्हांस नित्य देवो.