रोजच्या कामांचे शास्त्र

सकाळचा चहा करणे ही काही मोठी गोष्ट वाटत नाही. पण त्या कामाचे तुकडे पाडून पाहा. ओट्यापर्यंत जायचे, पातेले उचलायचे, नळ सोडायचा, भरलेले पातेले न सांडता शेगडीवर ठेवायचे, एका हाताने बटण फिरवीत दुसऱ्या हातातला लायटर ओढायचा, साखरेच्या डब्याचे झाकण उघडायचे, उकळता चहा गाळायचा. मोजत गेलो तर पंधरा-वीस पायऱ्या सहज होतात. अर्धांगवायूने एक हात गेलेल्या माणसाचे गाडे बहुधा यांतल्या दोन-तीन पायऱ्यांपाशीच अडते. घरचे मात्र म्हणतात, "यांना आता चहा करता येत नाही."

नेमकी कोणती पायरी अडली हे शोधायचे आणि तेवढीच सोपी करायची, हे ज्या शास्त्राचे काम आहे त्याला व्यवसायोपचार किंवा ऑक्युपेशनल थेरपी म्हणतात. येथे व्यवसाय म्हणजे नोकरीधंदा नव्हे. अंघोळीपासून बाजारहाटापर्यंत माणूस दिवसभर ज्या ज्या गोष्टींत गुंतलेला असतो, त्या सर्व गोष्टी म्हणजे व्यवसाय.

या शास्त्राची पहिली संघटना एका घरातच जन्माला आली. जॉर्ज बार्टन हे अमेरिकन वास्तुविशारद क्षयाने ग्रासलेले होते. पुढे त्यांच्या एका पायाचा भाग कापावा लागला आणि शरीराची डावी बाजूही लुळी पडली. न्यूयॉर्क राज्यातील क्लिफ्टन स्प्रिंग्ज या गावी त्यांनी घर घेतले आणि सुतारकाम, बागकाम करीत स्वतःवरच प्रयोग केला. मार्च १९१७ मध्ये याच घरी या विषयाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. संस्थापकांत मनोविकारतज्ज्ञ होते, तसेच हस्तकला शिकविणाऱ्या एक शिक्षिकाही होत्या.

पहिल्या महायुद्धातील जखमी सैनिकांसाठी विणकाम, टोपल्या करणे, लाकूडकाम यांचा उपयोग झाला. हात हलू लागले, मनाची मरगळ गेली. पण टोपली विणणारा माणूस घरी गेल्यावर स्वतःचा सदरा घालू शकेलच असे नाही. त्यासाठी सदरा घालण्याचाच अभ्यास करायला हवा होता.

असा अभ्यास करण्याची रीत कारखान्यांतून आली. फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने गवंड्याच्या वीट लावण्याच्या हालचाली एकेक करून मोजल्या आणि अनावश्यक हालचाली वगळल्या. १९२० मध्ये त्यांनी अपंगांच्या कामांविषयी याच दृष्टीने पुस्तक लिहिले. पुढे १९४० च्या दशकात लिलियन यांनी हृदयविकार असलेल्या गृहिणींसाठी स्वयंपाकघराची आखणी केली. वाकणे, हात उंचावणे आणि फेऱ्या मारणे कमी व्हावे, हे त्यामागचे सूत्र होते. येथे बाईला बदलण्याऐवजी ओटा बदलला, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

मोजल्याशिवाय विज्ञान पुढे सरकत नाही. क्लीव्हलँडचे डॉक्टर सिडनी कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये सहा कामांची एक मोजपट्टी प्रसिद्ध केली: अंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, बिछान्यातून उठून खुर्चीत बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे. बऱ्या होत जाणाऱ्या रुग्णांत त्यांना एक क्रम आढळला. जेवणे आणि मलमूत्रावरचा ताबा आधी परत येत, मग उठबस आणि शौचास जाणे, आणि कपडे व अंघोळ सर्वांत शेवटी. लहान मूल या गोष्टी साधारण याच क्रमाने शिकते! १९६९ मध्ये लॉटन आणि ब्रॉडी यांनी दुसरी यादी दिली. तीत स्वयंपाक, खरेदी, औषधे घेणे, पैशांचा हिशेब, टेलिफोन अशी आठ कामे होती. पहिल्या यादीतील कामे जमली तरी दुसरीतील जमतीलच असे नाही. एकटे राहणाऱ्या माणसाला मात्र दोन्ही लागतात.

भारतात हे शास्त्र आणले कमलाबाई निंबकर यांनी. मूळच्या अमेरिकन, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. अमेरिकेत या विषयाचे शिक्षण घेऊन त्यांनी १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात प्रशिक्षणाची शाळा सुरू केली. १९५२ मध्ये अखिल भारतीय संघटना झाली, आणि त्याच वर्षी स्थापन झालेल्या जागतिक महासंघाच्या दहा संस्थापक देशांत भारत होता.

मात्र परदेशी मोजपट्टी आपल्या घराला जशीच्या तशी लागू पडत नाही. कॅट्झच्या यादीत खुर्चीतून उठणे आहे. आपल्याकडे जमिनीवरून उठायचे असते. उकिडवे बसायला गुडघे पूर्ण दुमडावे लागतात. साडी नेसणे हे सदरा घालण्याहून फार वेगळे काम आहे. म्हणून आपल्या घरातल्या युक्त्याही आपल्याच हव्यात. न्हाणीघरात घसरणार नाही असे स्टूल आणि भिंतीत पक्की मूठ, शौचकुपावर ठेवायची खुर्ची, चमच्याच्या दांड्याला कापड गुंडाळून केलेली जाड मूठ, लांब दांड्याचा नळ. दांडा लांब असला की जोर कमी लागतो, हा आपण वर्गात शिकवतो तो तरफेचाच नियम. सदरा घालताना लुळा हात आधी घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा, एवढ्या एका नियमाने एखाद्याचे परावलंबित्व कमी होते.

माणसाला नुसते कशात तरी गुंतवून ठेवले तर पुरत नाही का? लॉस एंजेलिसमध्ये स्वतंत्र राहणाऱ्या ३६१ वृद्धांवर हे तपासले गेले. एका गटाला व्यवसायोपचार मिळाला, दुसऱ्याला करमणुकीचे सामुदायिक कार्यक्रम, तिसऱ्याला काहीच नाही. १९९७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. व्यवसायोपचाराच्या गटाची प्रकृती आणि कार्यक्षमता अधिक चांगली राहिली. उरलेल्या दोन गटांत मात्र विशेष फरक नव्हता. म्हणजे गुण नुसत्या वेळ घालवण्यात नाही, आपल्या रोजच्या जगण्याचा विचार करून ते नव्याने बसवण्यात आहे.

आपल्या घरांत या शास्त्राची गाठ पडते ती मायेशी. "तुम्ही बसा, आम्ही करतो," असे आपण आजारातून उठलेल्या वडीलधाऱ्यांना म्हणतो. हेतू चांगला असतो. पण न वापरलेले स्नायू क्षीण होतात, सांधे आखडतात, सवय मोडते. काही महिन्यांनी ते काम खरोखरच जमेनासे होते आणि आपण दोष आजाराला देतो. हाताखालचे काम काढून घेणे आणि त्या कामातली अडलेली पायरी सोपी करणे, या दोन मदतींत फार अंतर आहे.

हे वर्गात सहज दाखवता येईल. विद्यार्थ्यांना एका हाताने सदऱ्याची बटणे लावायला सांगावे, आणि कोठे अडले ते पायरीपायरीने वहीत लिहायला लावावे. मग घरी जाऊन आजी-आजोबांना विचारायला सांगावे, की कोणते काम त्यांना स्वतः करावेसे वाटते आणि ते कोठे अडते. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक घरांत आजवर कोणी मागितलेलेच नसेल.