स्पिंडल एन्कोडर

सीएनसी लेथ किंवा मिलिंग यंत्राच्या स्पिंडलचा कोन व वेग नियंत्रकाला कळवणारा संवेदक. भोसरी, शिरोली, वाळूज अशा औद्योगिक वसाहतींतील वर्कशॉपांत त्याची खरी कसोटी लेथवर आटे पाडताना लागते. आटे एका पासमध्ये पुरे होत नाहीत. दर पासला टूलला जॉबवर त्याच कोनात शिरावे लागते. शिवाय कापताना भारामुळे स्पिंडलचा वेग उतरतो. म्हणून टूलची सरक ठरवून दिलेल्या वेगाशी न जोडता स्पिंडलच्या प्रत्यक्ष फिरण्याशी जोडतात. रिजिड टॅपिंगमध्येही हेच करावे लागते.

रचना : प्रकाशीय एन्कोडरमध्ये बारीक रेषांची चकती फिरते. ए आणि बी या वाहिन्यांचे स्पंद एकमेकांपासून पाव आवर्तनाने सरकलेले असल्याने फिरण्याची दिशा कळते. झेड वाहिनी दर फेऱ्याला एकच स्पंद देते, तीच आरंभखूण. १०२४ रेषांच्या चकतीवर दोन्ही वाहिन्यांचे सर्व चढउतार मोजल्यास फेऱ्याला ४०९६ गणना मिळतात. १.५ मिमी पिचच्या आट्यांसाठी एक गणना म्हणजे सुमारे ०.०००३७ मिमी सरक. एखादी गणना हुकली तर आट्यात ते दिसतही नाही. खोटी आरंभखूण वाचली गेली, तर मात्र पुढचा पास भलत्याच जागी पडून जॉब वाया जातो.

वाचन : मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वेगाने असा एन्कोडर सेकंदाला २,०४,८०० चढउतार देतो, दोहोंमधले अंतर ५ मायक्रोसेकंदांहूनही कमी. पीएलसीच्या साध्या इनपुटला हा वेग झेपत नाही, म्हणून वेगवान गणक-सर्किट वापरतात. झेड येताच ते त्या क्षणीची गणना धरून ठेवते.

बिघाड व दक्षता : स्पिंडल मोटरचा इन्व्हर्टर ड्राइव्ह हा विद्युत गोंगाटाचा मोठा उगम. त्यामुळे प्रत्येक संकेत त्याच्या उलट संकेतासह पिळलेल्या तारांच्या जोडीतून पाठवतात. दोन्ही तारांवर सारखाच पडलेला गोंगाट वजाबाकीत निघून जातो. केबल शील्डची व मोटरच्या तारांपासून दूर असावी. एन्कोडर पट्ट्याने फिरत असेल, तर पट्टा दात्यांचा व प्रमाण १:१ हवे. हे प्रमाण वेगळे असल्यास झेड स्पंद स्पिंडलच्या दर फेऱ्याला त्याच कोनात येत नाही.

तपासणी : स्पिंडल एकाच दिशेने फिरवून लागोपाठच्या दोन झेड स्पंदांमधली गणना पाहतात. वरील एन्कोडरसाठी ती कोणत्याही वेगाला ४०९६ च यायला हवी. वेग वाढल्यावरच ती घटत असेल, तर गणक अपुरा पडतो. ड्राइव्ह चालू होताच आकडा हलू लागला, तर दोष वायरिंगमध्ये शोधावा.