धीर आधी, श्रद्धा नंतर : ‘स्मृतिचित्रे’च्या निमित्ताने

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या इतिहासात धर्मांतराची नोंद बहुधा एक घटना म्हणून होते. बाबा पदमनजींच्या ‘अरुणोदया’त या घटनेपर्यंतचा प्रवास येतो, परंतु तो प्रामुख्याने वाचनाचा, वादाचा आणि विचारमंथनाचा आहे. चार भागांत प्रसिद्ध झालेल्या लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त (1934-36) मात्र श्रद्धेची घडण दैनंदिन सोसण्याच्या अंगाने पाहावी लागते.

क्लेशातून धीर, धीरातून कसाला उतरलेले शील आणि त्यातून आशा, अशी परंपरा पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात मांडली आहे. तेथे सोसणारा आधीच श्रद्धावान आहे. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत हा क्रम उलटतो. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला; लक्ष्मीबाईंनी तो 1900 साली राहुरीस घेतला. मधला बराच काळ लहानग्या दत्तूसह नातलगांच्या आश्रयाने गेला. पतीची नवी श्रद्धा हेच पत्नीच्या दुःखाचे कारण होते. या काळातील त्यांचा धीर ख्रिस्ती नव्हे. तो सोवळेओवळे पाळणाऱ्या ब्राह्मण घरातील स्त्रीचा आहे.

पुढे पतिपत्नी अहमदनगरला एकत्र आली, तरी स्वयंपाकाचा विटाळ लगेच सुटला नाही. जातिभेद ईश्वराने केला नसून तो मनुष्यकृत आहे, या निष्कर्षास लक्ष्मीबाई स्वतःच्या विचाराने पोचल्या आणि त्यानंतरच बाप्तिस्म्याकडे वळल्या. म्हणूनच त्यांच्या धर्मांतराला पतीच्या मागून जाणाऱ्या पत्नीचे अनुकरण म्हणणे अन्यायाचे ठरते.

सहनशीलतेच्या गौरवात एक धोका असतो : सोसणाऱ्या स्त्रीला वंदन केले की सोसायला लावणारा सुटतो. ‘स्मृतिचित्रे’ हा धोका टाळते, त्याचे श्रेय तिच्या विनोदाला द्यावे लागेल. टिळकांचा लहरीपणा, घर सोडून जाण्याची सवय, पैशाविषयीची बेफिकिरी यांपैकी काहीच निवेदिका झाकत नाही. तिच्या हसण्यात माया आहे आणि हिशेबही आहे. क्षमा आहे, विस्मरण नाही. सोसलेल्याचे पुण्यात रूपांतर करण्याची घाई तिला नसल्यामुळेच तिच्या श्रद्धेवर वाचकाचा विश्वास बसतो.

9 मे 1919 रोजी टिळक निवर्तले, तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. ज्यांना अक्षरओळख पतीनेच करून दिली होती, त्या लक्ष्मीबाईंनी ते पूर्णत्वास नेले. वैधव्याच्या दुःखात या धीराला प्रथमच ख्रिस्ती काव्याचे रूप लाभले. पौलाची परंपरा त्यांच्या आयुष्यात खरी ठरली ती येथे. मात्र तिच्या मुळाशी असलेला धीर बाप्तिस्म्याहून जुना होता. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा इतिहास लिहिताना बाप्तिस्म्याच्या तारखांइतकेच महत्त्व त्यांच्या दरम्यानच्या या पाच वर्षांनाही द्यावयास हवे.