पाइन रिजची गुरे आणि गवताची मालकी

लाकोटा लोकांचे गुरेपालन सरकारी शिध्यातून सुरू झाले. अमेरिकेच्या उत्तरेकडील मैदानांत बायसनच्या मांसावर जगणाऱ्या या समाजाला 1868 च्या फोर्ट लॅरमी कराराने राखीव प्रदेश मिळाला. तिथे स्थायिक होणाऱ्या, चार वर्षांवरील प्रत्येकाला रोज एक पौंड मांस आणि एक पौंड पीठ देण्याचे ठरले, तेही चारच वर्षांसाठी. 1876 साली सरकारने अट घातली: ब्लॅक हिल्सचा मुलूख सोडा, तरच शिधा. बायसनचे कळप 1880 च्या दशकात जवळजवळ नामशेष झाले आणि शिध्याशिवाय जगणे अशक्य झाले. 1889 मध्ये राखीव प्रदेशाचे तुकडे पाडले गेले, त्यांपैकी साउथ डकोटातील पाइन रिज या तुकड्याचा मांसाचा शिधाही कापला गेला. त्या उपासमारीतच वुंडेड नी येथे अमेरिकन सैन्याने लाकोटांचे हत्याकांड केले.

शिध्याचे मांस जिवंत जनावराच्या रूपात येई. कोंडवाड्यातून गुरे सोडली की घोडेस्वार त्यांची बायसनसारखी शिकार करत. बायका मांस कापून वाळवत. अधिकाऱ्यांना ही रीत रानटी वाटली आणि त्यांनी ती बंद पाडली. पण साउथ डकोटाच्या कोरड्या माळाला नांगर मानवत नव्हता, गवत मात्र उत्तम होते. घोड्यावर वाढलेल्या लोकांनी गुरे राखण्याचे काम चटकन आपलेसे केले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाइन रिजवर कळप चांगले वाढले होते.

ते मोडले, याला गुराख्यांचे अज्ञान कारण नव्हते. 1904 पासून सामाईक रान माणशी तुकड्यांत वाटले गेले. पहिल्या महायुद्धात भाव चढले, तेव्हा अधिकाऱ्यांनी गुरे विकायला लावून कुरणे बाहेरच्या पशुपालकांना भाड्याने दिली. वारसाहक्काने तुकड्यांचे मालक वाढत गेले आणि सलग चराई कठीण झाली. 1942 मध्ये बॉम्बफेकीच्या सरावासाठी सुमारे 3,41,000 एकर घेतले गेले. कुटुंबांना घरदार आणि गुरे हलवावी लागली. सरकारी कर्जातही भेदभाव होताच. स्टँडिंग रॉक या दुसऱ्या राखीव प्रदेशातील कीपसीगल दांपत्याने इतर मूळनिवासी शेतकऱ्यांसह 1999 मध्ये कृषी खात्यावर दावा लावला. 2010 मध्ये 76 कोटी डॉलरची तडजोड झाली.

आजही वासरे मुख्यतः बाहेरच्या बाजारात जातात आणि मांस दुरून विकत आणावे लागते. कुरणांना आळीपाळीने विसावा देऊन गवत टिकवता येते, पण सरकारी तपासणीशिवाय कापलेले मांस दुकानात विकता येत नाही. आपल्या माळावरचे मांस आपल्या शाळांत आणि घरांत पोहोचवायचे, तर कुरणांच्या ताब्याइतकाच जवळचा छोटा कत्तलखानाही निकडीचा आहे.