अनडू नसलेले लेयर

आजीच्या पंचाहत्तरीसाठी मी टिटवाळ्याच्या काळू नदीवरची संध्याकाळ टॅबवर रंगवली. स्क्रीनवर शेंदरी आकाश झकास दिसत होतं, पण प्रिंट आली विटकरी. स्क्रीन म्हणजे उजेड, कागदावर शाई, फरक पडणारच. आजीला आपला घाटच ओळखू येईना. घरी येऊन कर्व्हजमध्ये फक्त आकाशाचा लेयर उजळला, दुसरी प्रिंट काढली.

तेव्हा राजा रविवर्मा आठवले. १८९४ मध्ये त्यांनी मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं प्रत्येक रंगाला वेगळा दगड. पिवळा कुठे, लाल किती, हे कारागीर मूळ चित्र बघून नजरेनंच ठरवायचे. मग एकाच कागदावर एकामागून एक दगड छापायचा. लाल जरा जास्त झाला की लक्ष्मीचा चेहराच बदलणार, आणि तो कागद वाया.

गंमत बघा, फोटोशॉपमध्ये लेयर आले १९९४ मध्ये, बरोबर १०० वर्षांनी! विचार तोच: सुटं ठेवा, म्हणजे एकेकाला हात घालता येतो.

म्हणून मी मूळ लेयरला हात लावत नाही. टोन बदलतो तो वरच्या अ‍ॅडजस्टमेंट लेयरवर. आणि आधी छोटी टेस्ट प्रिंट काढतो. कागदावर अनडू आजही नाही. भेटू पुढच्या भागात!