परक्या लांकडाची विक्री

चाळीसगांवच्या दक्षिणेस सातमाळ्याची रांग, तिच्या पायथ्याशीं पाटणदेवीचें रान. इकडे गांवांत आगगाडीचें जंक्शन. १९०० सालीं येथून धुळ्याचा फांटा निघाला. रान आणि रूळ इतके जवळ आले, म्हणजे ओंडक्याचा धनी कोण, हा प्रश्न केवळ वकिलांचा राहात नाहीं.

१८७८ च्या वनकायद्यानें सरकारची राखीव रानें वेगळीं काढिलीं. पण अपराधाची व्याख्या त्याहून जुनी. उभें झाड जमिनीचा भाग. तें चोरीला जात नाहीं. कुऱ्हाडीनें वेगळें होतांच मात्र तें चोरीचा विषय बनतें. १८६० च्या दंडसंहितेच्या ३७८ व्या कलमांतला हा बारकावा मोठा मार्मिक आहे. तेंच लांकूड आपलें म्हणून विकलें, कीं ठकवणूकही झाली. तिचा चारशेवीस हा आंकडा तर लोकांच्या तोंडीं शिवीच होऊन बसला! १ जुलै २०२४ पासून त्या जागीं न्याय संहितेचें ३१८ वें कलम आलें. कैद सात वर्षांपर्यंतच.

घेणारा मात्र दोन्हींकडून नागवला जातो. १९३० च्या मालविक्री कायद्याप्रमाणें विकणाऱ्याचा जेवढा हक्क, सामान्यतः तेवढाच घेणाऱ्यास मिळतो. दाम गेले ते गेलेच, वर ओंडकेही खऱ्या धन्याकडे जातात.

१९२७ च्या वनकायद्यानें म्हणूनच हातोड्याच्या छापास एवढें महत्त्व दिलें. खोटा छाप उठविणें हा ६३ व्या कलमाखालीं गुन्हा. ६९ वें कलम त्याहून कडक. वाद निघाला, तर वनोपज सरकारचेंच, असें आधीं धरावयाचें! ठकांच्या पापाचा भुर्दंड असा प्रामाणिक शेतकऱ्यावर पडतो. स्वतःच्या बांधावरचा साग विकावयाचा, तरी मालकी त्यानेंच शाबीत करावयाची.